सीन नंबर एकतीस

मला बसून लिहिता येत नाही. कागदावर उतरवायला बसावं लागतं ते वेगळं, पण सुचायचं ते चालताना. म्हापशात आमच्या इमारतीच्या गच्चीवर मी गेली तीसेक वर्षं येरझाऱ्या घालतोय. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा माझ्या बायकोला हळूच विचारलं, भावोजींना पोटाचा काही त्रास आहे का. बायको म्हणाली, नाही, काम करतायत. हा लेखही तसाच होतोय. चार ओळी लिहायच्या, उठायचं, गच्चीला दोन फेऱ्या मारायच्या आणि परत कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, येऊन बसायचं. मध्येच कुठे धाप लागल्यासारखं वाटलं तर सांभाळून घ्या.

धंदा पटकथेचा. गोव्यात राहून हा धंदा करतो म्हटल्यावर लोक आधी गंमत समजतात आणि मग विचारतात, तुमचा कुठला सिनेमा आला. एकही नाही. मी माहितीपट लिहिले, काजूवरच्या किडीपासून डासांच्या अळ्यांपर्यंत; जत्रेची नाटकं लिहिली; दोन मालिकांचे संवाद लिहिले, त्यातल्या एकीची नायिका अर्ध्यावर लग्न करून परदेशी गेल्यामुळे तिला मी अठरा भाग कोमात ठेवली. सिनेमा मात्र झाला नाही. एकदा होता होता राहिला, त्याचीच ही गोष्ट.

बाहेरच्या माणसाला पटकथा वाचायला दिली तर तो दोन पानांत कंटाळतो, कारण तो कामाचा कागद असतो. जागा कुठली, दिवस की रात्र, कोण उभा आहे, तो काय करतो, काय बोलतो, एवढंच त्यात असतं. माणसाच्या मनात काय चाललंय ते लिहायला बंदी, कॅमेऱ्याला मन दिसत नाही. एका जागी सलग जे घडतं तो एक सीन, आणि प्रत्येक सीनला नंबर. लिहून झालं की ते वाचून दाखवायचं, त्याला आमच्यात नॅरेशन म्हणतात. निर्माता कधी वाचत नाही, तो ऐकतो. तेव्हा लेखकानेच नायक व्हायचं, खलनायक व्हायचं, दारही वाजवायचं. त्या तासाभरात समोरचा माणूस कुठे चुळबुळतो, कुठे पाणी मागतो, यावर लक्ष ठेवायचं आणि घरी येऊन नेमकं तिथेच खोडायचं. अशा रीतीने मी आयुष्यभर इतरांची चुळबुळ खोडत आलो.

एक खोड मात्र मला जत्रेच्या नाटकांनी लावली. आमच्या पेडण्यात गावोगावच्या जत्रेत गावचीच पोरं आणि बापये, म्हणजे पुरुषमाणसं, नाटक करतात. तरुणपणी एका गावासाठी मी एक नाटक लिहिलं, त्यात धाकटा भाऊ थोरल्याची जमीन हडप करतो. धाकट्याचं काम गावातल्या एका मानकऱ्याच्या मुलाकडे गेलं. तालमीला त्याची आई आली, पहिल्या रांगेत बसली आणि दुसऱ्या अंकात पदर डोळ्यांना लावून उठून गेली. दुसऱ्या दिवशी चार बापये माझ्या घरी. नाटक झकास आहे, म्हणाले, फक्त आमचा झिलगो, आमचा पोरगा, असं करणार नाही. मी एका रात्रीत बाहेरगावचा एक मुनीम निर्माण केला. तो येतो, धाकट्याला भरीला घालतो, कागद फिरवतो, शेवटी मार खातो. नाटक इतकं चाललं की पाच गावांनी ते उचललं. तेव्हापासून कुठल्याही नाटकात पाप करायचं असलं की मी एक भायलो आणायचो. भायलो म्हणजे बाहेरचा. तो येतो, करतो, जातो, आणि गावची सगळी माणसं चांगली राहतात. मलाही ते इतकं अंगवळणी पडलं की त्यात काही चुकतंय असं वाटेनासं झालं.

आता भाई.

पेडण्यातल्या चोपड्याला नदीच्या काठावर कौलारू घर, पुढे पत्र्याचा मांडव, आणि दर आयतवारी सकाळी तिथे दीडदोनशे माणसं. पेडण्याची, डिचोलीची, म्हापशाची, शिवाय कारखान्यांत कामाला आलेली कोल्हापूर-बेळगावकडची कितीतरी. भाई त्यांच्यापुढे तास-दीड तास बोलत. भगवी वस्त्रं नाहीत, पाया पडून घेणं नाही. साधा सदरा, अर्ध्या बाह्यांचा. बोलायचे घरातल्या गोष्टी, म्हणजे राग कसा येतो, भावाशी बोलणं कसं तुटतं, माफी मागायला जीभ का उचलत नाही. ऐकणाऱ्याला वाटे हा माणूस माझ्याच घरात राहून गेलाय. माझा असल्या गोष्टींवर फारसा विश्वास नाही, पण बोलणं कसदार होतं हे धंद्यातला माणूस म्हणून मी सांगू शकतो.

मला तिथे नेलं उल्हासशेठनं. त्यांचं म्हापशात सिमेंट-पत्र्याचं मोठं दुकान, भाईंच्या मंडळाचे ते प्रमुख. भाईंच्या जीवनावर सिनेमा काढायचा आणि लेखक म्हणून मी, असं मंडळाचं ठरलं होतं. त्यांनी माझ्या हातात एक यादी ठेवली. बालपणी अंगावरून साप गेला तो प्रसंग, न वाजवता घंटा वाजली तो प्रसंग, असे बारा प्रसंग. बाराही मला गच्चीवर नेऊन चालवले तरी चालले नसते.

भाईंनी सगळ्यांना चहाच्या निमित्ताने बाहेर पाठवलं, जनेलाच्या दोन्ही झडपा लावून घेतल्या आणि विचारलं, नाटकातली माणसं जे बोलतात ते तू लिहितोस ना. मी हो म्हटलं. "मगे माका तसलो एक माणूस करून दी," ते म्हणाले. "माका जा बोलूक जमणा नाय, ता तो बोलतलो."

इतकी वर्षं पेडण्यात काढल्यामुळे भाईंची बोली आमच्यासारखी झाली होती. मूळचे ते डिचोलीकडचे, लोखंडाच्या खाणींच्या भागातले. गावाचं नाव इथे लिहीत नाही, गाव अजून नांदतं आहे. बोलताना ध्वनिमुद्रण करायची माझी रीत असते, परवानगी घेऊन मी मोबाइल पुढे ठेवला. तरुण असताना भाई खाणीच्या कचेरीत कारकून होते. गावामागच्या डोंगरात एक झर होती आणि तिच्यावर खालची माडा-पोफळींची कुळागरं जगत. डोंगर खोदायचा तर तिथे बारमाही पाणी नाही असं गावातल्याच दोघांनी लिहून द्यायला हवं होतं. एवढं सांगेपर्यंत ते आमच्यासारखं बोलत होते. पुढची चार वाक्यं मात्र त्यांच्या गावच्या बोलीत आली, त्यांनाही न कळता.

"त्या सकाळीं हांव त्या झरीचें उदक पियेल्लों. दनपारां कागदार सय केली, हांगा बारा म्हयने उदक ना म्हूण. धाकूक वाचूंक येनाशिल्लें, ताका हांवें सांगलें, हो रस्त्याचो कागद. माका सगळें खबर आशिल्लें."

सकाळी झरीचं पाणी प्यायलो, दुपारी पाणी नाही म्हणून सही केली, आणि धाकूला रस्त्याचा कागद आहे असं सांगून त्याचा अंगठा घेतला. सगळं ठाऊक असताना.

धाकू गावकर हा त्यांचा जिवाभावाचा मित्र. डोंगर फुटला, दोन वर्षांत झर आटली, कुळागरं वाळली. कागद बाहेर आला तेव्हा अंगठा सगळ्यांना दिसला. सहीवाला तोवर नोकरी सोडून गाव सोडून गेला होता. धाकू गावातच राहिला. त्याने पाणी विकलं, हे गावाने त्याच्या माथी मारलं ते कायमचं. तो सांगत राहिला की मला वाचता येत नव्हतं, आणि कोणी ऐकलं नाही. भाई भाई झाले, हजारोंना माफी कशी मागावी ते शिकवलं, आणि पस्तीस वर्षांत त्या एका माणसापुढे जाऊन हे चार शब्द बोलले नाहीत. दर आयतवारी ते त्याच्यासाठीच बोलत होते, एवढंच तो सोडून सगळ्यांसमोर. सिनेमा निघाला तर धाकू बघेल, गाव बघेल, आणि बोलायचं ते पडद्यावरचा माणूस बोलेल, असा त्यांचा हिशेब होता.

मी घरी आलो आणि रात्री जेवलोही नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा खरा सिनेमा हाताला लागला होता. दीड महिन्यात पटकथा झाली. सीन नंबर एकतीस सहीचा. कचेरी, दुपार, दोन मित्र, एक कागद. त्यात भाईंची चार वाक्यं मी होती तशी ठेवली, एक शब्दही इकडचा तिकडे केला नाही. लेखक म्हणून माझ्या हातून झालेलं ते सगळ्यांत चांगलं काम, आणि त्यात माझं काहीच नव्हतं.

मग मंडळापुढे नॅरेशन. मांडवात पंधरावीस माणसं, भाई कोपऱ्यात. तिसाव्या सीनपर्यंत सगळे पुढे सरकून ऐकत होते. एकतिसावा वाचला आणि पाण्याची मागणी झाली. उल्हासशेठनी चष्मा पुसला. नंतर मला बाजूला घेऊन ते फार सभ्यपणे बोलले. भाईंनी असं म्हटलं असेल, ते स्वतःला कमी लेखतात, संतांची रीतच ती. पण माणसं काय घेऊन घरी जाणार, याचा लेखकाने विचार करायला हवा. त्यांच्या बोलण्यात मला त्या जत्रेतल्या आईचा पदर दिसला. आणि खरं सांगायचं तर दबाव काही फार नव्हता. सिनेमा होणार नाही या भीतीने मीच घाईला आलो होतो.

गच्चीवर चार फेऱ्या झाल्या नाहीत तोच भायलो आला. बाहेरून आलेला साहेब, गोड बोलणारा, इंग्रजीत छापलेला कागद. तो दोन्ही मित्रांना फसवतो. कारकुनालाही इंग्रजी धड कळत नाही, तो विश्वासाने सही करतो, मित्र अंगठा देतो. पुढे सत्य कळल्यावर कारकुनाला उपरती होते आणि तो अध्यात्माकडे वळतो. हे सगळं इतकं चपखल बसलं की मला स्वतःचं कौतुक वाटलं.

दुसरं नॅरेशन झालं तेव्हा दोघीतिघी रडल्या. एकच माणूस खुश नव्हता. बेळगावकडून आलेला, कारखान्यात वेल्डर असलेला परशराम शेवटच्या रांगेत बसायचा. सगळे गेल्यावर तो म्हणाला, "सर, तुमच्याकडच्या गोष्टीत वाईट माणूस कायम बाहेरचाच कसा हो?" मी हसून त्याच्या खांद्यावर थाप मारली. 

आणि भाई? भाई म्हणाले, बरां जालां. त्यांचा चेहरा इतका हलका झाला होता की मला वाटलं मी पुण्याचं काम केलंय. त्या चेहऱ्याने मला अजून झोप लागत नाही. बुडत्याला हात द्यायचा त्या जागी मी त्याला पळवाट दिली होती.

चित्रीकरण त्याच गावात, त्याच आटलेल्या झरीवर करायचं होतं. आमच्या भागात गावात काहीही नवं करायचं तर आधी ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घालावं लागतं. देवळात नारळ घेऊन उभं राहायचं. ज्या घराण्याला मान असतो त्याचा माणूस मोठ्याने देवीला सगळं सांगतो, कोण आलंय, कशासाठी आलंय, त्याचं काम पार पाड, चुकलं-माकलं पोटात घाल. प्रत्येक वाक्याला जमलेले सगळे म्हणतात, व्हय म्हाराजा. त्याशिवाय गावात कॅमेरा लावायचा तर कोणी दोरीही धरू देत नाही. मी पन्नास ठिकाणी हे केलं होतं, दहा मिनिटांचं काम. या गावात गाऱ्हाणं घालायचा मान कोणाच्या घराण्याकडे आहे हे मी विचारलंच नव्हतं. तो धाकू गावकराचा होता. लोकांनी त्याला पाणी विकणारा म्हटलं, पण पिढीजात मान कोणी काढून घेऊ शकत नव्हतं. दर वर्षी तो देवीला उदक-पावस सांभाळ म्हणायचा आणि त्या शब्दावर जमावात कोणीतरी खोकायचं, हे मला नंतर कळलं.

सातेरी देवीच्या देवळात आम्ही आठदहा जण, गावचे तेवढेच. धाकूबाब समोर आले. पंचा, उघडं अंग, सत्तरीचा काटक म्हातारा. भाई नारळ घेऊन उभे होते. पस्तीस वर्षांनी दोघं समोरासमोर, आणि धाकूबाबांनी ओळखीची एक रेषाही चेहऱ्यावर आणली नाही. त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, देवीक किदें सांगूं, देवीला काय सांगू. उल्हासशेठ पुढे झाले, भाईंच्या जीवनावर सिनेमा, म्हणाले. धाकूबाबांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. सिनेमात काय आहे ते ज्याचा नारळ त्याने सांगावं, असं ते म्हणाले. देवीपुढे ठेवायचं तर पुरं ठेवावं लागतं.

माझ्या खिशात पहिल्या खर्ड्यातला सीन एकतीस होता. का ठेवला होता कोणास ठाऊक. भाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग बोलू लागले, आणि मला माझीच वाक्यं ऐकू आली. बाहेरचा साहेब आला. इंग्रजीतला कागद होता. आम्ही दोघेही भोळे. त्याने आम्हा दोघांनाही फसवलं. शब्द न् शब्द माझा, विराम सुद्धा.

धाकूबाबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुका वाचूंक येतालें."

तुला वाचता येत होतं, एवढंच. आवाज चढवला नाही. भाईंच्या हातातल्या नारळावर हात ठेवून त्यांनी तो हलकेच भाईंच्या छातीशी सारला आणि ते गाभाऱ्याकडे वळले. गाऱ्हाणं झालं नाही. आम्ही नारळ घेऊन परत आलो. सिनेमा तिथेच संपला.

 चोपड्याला गाडीतून उतरताना भाई मला म्हणाले, "तुजी फट बरी आसली." फट म्हणजे आमच्याकडे खोटं. रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते थकून म्हणाले.

पुढच्या आयतवारी ते बोलले नाहीत. मांडवात नुसते बसले, माणसं वाट बघून गेली. त्यांनी मला बोलावून पहिला सीन एकतीस मागून घेतला आणि म्हणाले, आपण दोघंच जाऊ, गाडी-माणसं नकोत, मी धाकूला वाचून दाखवतो. दिवस ठरला. सकाळी मी गेलो तर त्यांचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडेना. दुसऱ्यांदा ठरला, तेव्हा आम्ही डिचोलीच्या बाजारापर्यंत पोचलो आणि तिथून परतलो. तिसऱ्यांदा त्यांचा स्वतःहून फोन आला, उद्या नक्की. मला सरकारी खात्याचा डासांवरचा माहितीपट होता, चित्रीकरण लागलेलं होतं. मी म्हटलं, भाई, पुढच्या आठवड्यात. त्या आठवड्यात ते पडले, बोलणं गेलं, आणि गणपतीच्या चवथीच्या आधी गेले. हा भाग मी सहसा कोणाला सांगत नाही. माणूस तिसऱ्यांदा धीर गोळा करून उभा राहिला होता आणि मी डासांच्या अळ्या दाखवत फिरत होतो.

उल्हासशेठ माणूस वाईट नाही. तेराव्यानंतर ते माझ्या घरी आले, चहा घेतला, आणि त्या ध्वनिमुद्रणाचा विषय काढला. भाईंची आठवण निर्मळ राहावी. मी हो हो म्हटलं आणि ते पुसलं नाही. पण ते घेऊन कुठे गेलोही नाही. वर्ष गेलं. मोबाइल बदलला, ते नव्यात घेतलं. बायको म्हणायची, तुमच्या फेऱ्या वाढल्या आहेत. लिहीत मात्र काही नव्हतो.

शेवटी एका सकाळी उठलो आणि म्हापशाच्या स्टँडवरून डिचोलीची बस पकडली. पुढे रिक्षा. वाटेत बंद पडलेल्या खाणीचा खड्डा दिसतो, त्यात हिरवं पाणी साचलंय, तळ्याएवढं. झरीचा मात्र पत्ता नाही. धाकूबाब अंगणात सुपाऱ्या वाळत घालत होते, विकत आणलेल्या. स्वतःच्या पोफळी कुठल्या आता. मी ओळख सांगितली. त्यांना आठवत होतो. सुनेने चहा आणि उंडो, म्हणजे गोल पाव, आणला. मी मोबाइल सोप्यावर ठेवला आणि ती चार वाक्यं लावली.

त्यांनी ऐकलं. म्हणाले, परत लाव. परत ऐकलं. तिसऱ्यांदा लावायला सांगून सुनेला बाहेर बोलावलं, "आयक गो, आयक." ती ऐकत होती तेव्हा ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांचे ओठ आवाजाबरोबर हलत होते, दोनदा ऐकून पाठ झालं होतं. मग सुपाऱ्या उलट्या-सुलट्या करू लागले.

"इतलें खबर आशिल्लें जाल्यार देवळांत दुसरें कित्याक उलयलो?" त्यांनी विचारलं. इतकं ठाऊक होतं तर देवळात वेगळंच का बोलला?

मला सांगता आलं असतं, मंडळाचा दबाव होता. भीती होती. उल्हासशेठचं नाव तर जिभेवरच होतं. भायलो आणायची सवय इतकी मुरलेली की तिथे अंगणातही तो माझ्या मदतीला धावून आला होता. मी उठून उभा राहिलो. बसून मला ते बोलता आलं नसतं.

"ते मी लिहिलं होतं," मी म्हटलं. "भाईंनी मला खरं सांगितलं होतं. मी ते काढून खोटं घातलं, आणि ते बोलायला दिलं."

 रागावतील, हाकलतील, या तयारीत मी उभा. धाकूबाबांनी माझं पूर्ण नाव विचारलं. मग बापाचं नाव, मग गाव. प्रत्येक गोष्ट दोनदा विचारून घेतली. म्हटलं आता तक्रार जाणार. शेवटी ते म्हणाले, नव्याला ये, तें घेवन ये. नवं म्हणजे नव्या भाताची कणसं देवीला वाहायचा दिवस.

गेलो. देवळात सगळं गाव होतं. गाऱ्हाण्याआधी धाकूबाबांनी माझ्याकडून मोबाइल मागितला आणि आरतीचा माइक त्याच्यापुढे धरायला लावला. आधी माइकने शिट्टी मारली, पोरं हसली. मग भाईंचा आवाज देवळात घुमला, चार वाक्यं. मी आजवर कितीतरी नॅरेशनं केली, पण इतकी स्तब्ध बसलेली माणसं पाहिली नाहीत. कोणी पाणी मागितलं नाही.

मग धाकूबाब देवीकडे तोंड करून उभे राहिले आणि गाऱ्हाणं सुरू झालं. गाव, सीमा, गुरंढोरं, परगावी गेलेले. प्रत्येकाला व्हय म्हाराजा. उदक-पावस सांभाळ, ते म्हणाले, आणि तिथे क्षणभर थांबले. कोणी खोकलं नाही. व्हय म्हाराजा आलं, आधीच्यापेक्षा मोठ्याने.

"आमच्या गांवच्या सोमनाथान आपलें केल्लें आपल्या तोंडान सांगलें. तो आतां ना. ताचें चुकलें-माकलें पोटांत घाल."

सोमनाथ हे भाईंचं नाव. मला क्षणभर लागलं, इतकी वर्षं ते मी ऐकलंच नव्हतं. व्हय म्हाराजा, गाव म्हणालं.

मी नमस्कारासाठी हात जोडले, संपलं असं समजून. धाकूबाबांचा आवाज पुन्हा आला.

"आनी पेडण्याचो सुहास, लक्ष्मणाचो पूत, बरोवपी. हाणें खरें काडून फट घाली. आतां आपूणच येवन सांगलें. हाचेंय पोटांत घाल."

बरोवपी म्हणजे लेखक. गावाला यातलं काही ठाऊक नव्हतं. कोण सुहास, कसली फट, कोणी विचारलं नाही. गाऱ्हाण्यात विचारत नाहीत. दोनअडीचशे माणसं एका आवाजात माझ्यासाठी व्हय म्हाराजा म्हणाली. शेजारच्या म्हाताऱ्या बाईने मान वर करून इकडेतिकडे पाहिलं आणि मला हळूच विचारलं, सुहास कोण?

मी, म्हटलं. आणि माझं राहिलंय हे तेव्हा लक्षात आलं. सगळे थांबल्यावर, एकट्याच्या फाटक्या आवाजात, मीही म्हणालो, व्हय म्हाराजा.